वन्संचा डबा

शरयू मगदूम दुपारी सोफ्यावर पाठ टेकते ती झोपायला म्हणून नव्हे. गेले काही दिवस तिला रात्रीची झोप नाही, तर दुपारची कुठून लागायची! तिला फक्त डोळे मिटून एक वाक्य पाठ करायचंय. इंग्रजीतलं वाक्य. आता बी.ए. बी.एड. झालेल्या, निम्मं आयुष्य इंग्लंडात काढलेल्या, परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला एक वाक्य पाठ करायची वेळ यावी म्हणजे काय! पण वाक्यच तसं आहे. पायांवर शाल ओढून ती ओठांतल्या ओठांत घोकायला लागते. तुम्ही सगळ्या मला फार जवळच्या आहात, पण नाताळानंतर तुम्ही वर्गाला येऊ नका.

हे तिला आज संध्याकाळी वर्गात बोलायचंय. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तिचा वर्ग भरतो. कुणी सोमालियातून आलेलं, कुणी व्हिएतनाममधून, कुणी पोलंडातून, कुणी आपल्याच मुलखातून. पैसे कॉलेजमार्फत सरकारातून येतात, आणि यंदा त्या पैशाला नवी अट लागली आहे. जे इंग्रजी शिकून नोकरीला लागतील, दरवर्षी एक पायरी वर चढतील, त्यांच्यासाठीच पैसा. वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसून चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी नाही. म्हाताऱ्या ठेवल्या तर सगळ्या वर्गाचंच अनुदान बंद. म्हणजे ज्या पोरांना खरोखर कामाला लागायचंय त्यांचाही वर्ग गेला. कॉलेजातली जॅनेटबाई स्वतः घरी येऊन सांगून गेली. बाई वाईट नाही, सांगताना तिचेही डोळे भरले होते. पण वर म्हणते कशी, की तुझं त्यांच्याशी जमतं, तूच गोड शब्दांत सांग. गोड शब्दांत घालवून द्या म्हणे! बरं आहे, निवाडा यांचा आणि तोंड शरयूचं.

ती पुन्हा वाक्य धरते. जवळच्या आहात, पण. फार जवळच्या, पण. त्या ‘पण’पाशी जीभ अडते. स्वयंपाकघरात नळ ठिबकतोय. खिडकीतला उजेड कार्पेटवरून सरकत टीव्हीच्या पायाशी आलाय. डिसेंबरातला इथला दिवस तो काय, भांडी वाळेपर्यंत संपतो. नळाचं ठिबकणं लांब जातं, जवळ येतं. जवळच्या आहात, पण.

“पाय सरकव की गं जरा. कुठं बसू मी?”

शरयू पाय सरकवते. सोफ्याची कड खाली दबते. आणि मग तिच्या ध्यानात येतं की घरात कुणी नाही. बाहुबली, तिचा नवरा, कामावर गेलाय. आवाज त्याच्या बहिणीचा आहे, आणि ती तर मार्चात वारली.

“वन्सं?”

“मग कोण? बघतेस काय अशी, ऊठ. डबा कुठाय माझा?”

सुगंधाबाई चौगुले सोफ्याच्या कडेला बसल्यात. अंगावर मोरपंखी सहावारी पातळ, त्यावर बाहुबलीचा जुना स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. जशा वर्गाला यायच्या तशाच. भीती वाटायला हवी, पण शरयूला भीती वाटत नाही. तिला फक्त वाटतं, पसारा आवरला नाही, आता बोलणी बसणार.

वन्संची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही, पण सांगायला हवी. इचलकरंजीहून लग्न करून त्या इथं आल्या. नवरा लोखंडाच्या फाउंड्रीत. चाळीसेक वर्षं त्या या गावात राहिल्या त्या ब्रेड, मिल्क, थँक्यू एवढ्यावर. बाहेरचं सगळं नवरा बोलायचा, मग पोरं बोलायला लागली. मग नवरा गेला, पोरं आपापल्या गावी पांगली, आणि वन्संना घरात बोलायला माणूस राहिला नाही आणि दारात बोलायला भाषा नाही. एक दिवस त्या भावजयीच्या घरी आल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, तू मिरजेच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवत होतीस ना, मग आता मला शिकव. एकटीला शिकायला लाज वाटते म्हणून बसस्टॉपवर रोज दिसणारी हलीमा नावाची सोमाली बाई त्यांनी हाताला धरून आणली. त्या दोघींवर वर्ग सुरू झाला. कॉलेज आणि अनुदान आणि जॅनेटबाई हे सगळं नंतर आलं. आणि ज्या बाईसाठी वर्ग निघाला, ती शेवटपर्यंत पहिल्याच पायरीवर बसून राहिली. शरयूनं हात टेकले होते.

“डबा म्हणते मी,” वन्सं म्हणतात. “चपटा. नाव घातलेला. दिवस कलला बघ. मला जेवायचं आहे की नाही?”

“तो हरवला वन्सं. हॉस्पिटलमध्ये. तुमच्या पिशवीत नव्हता. मी त्या लोकांना किती बोलले.”

“हरवतोय कसा? नाव घातलंय त्यावर.”

त्या उठतात आणि स्वयंपाकघराचं दार ढकलतात, आणि शरयू शाल तशीच अंगाशी धरून मागोमाग जाते. दारापलीकडे स्वयंपाकघर नाही. चर्चच्या मागचा हॉल आहे.

खुर्च्या मांडलेल्या आहेत. फळ्यावर तिच्याच अक्षरात काहीतरी लिहिलंय, ते वाचायला जावं तर ओळ पुढं पुढं सरकते. खुर्च्यांवर माणसं नाहीत. प्रत्येक खुर्चीवर एकेक डबा. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, आइस्क्रीमचे रिकामे टब.  या सगळ्यांना तिला आज सांगायचंय, आणि डब्यांना तरी कसं सांगायचं?

डब्यांचं खूळ वन्संनीच लावलं होतं. दर खेपेला त्या काहीतरी करून आणायच्या, शंकरपाळी, धपाटे, मुगाचे लाडू, आणि डबा कुणातरी एकीला घरी द्यायच्या. आता आपल्याकडे शेजारचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. काही नाही तर मूठभर साखर तरी घालून देतो. वर्गातल्या बायकांना हे कुणी शिकवलं नाही. वन्सं रिकामा डबा हातात घेऊन नुसत्या आत बघायच्या, मग वर बघायच्या. त्या बघण्यानं सगळा वर्ग शिकला. डबा व्हिएतनामी फुंग आजीकडून तिळाची वडी घेऊन आला, पोलंडच्या बाईकडून सफरचंदाचा केक घेऊन आला, हलीमाकडून खजूर. फक्त जॅनेटबाईकडून तो एकदा परत आला तेव्हा घासूनपुसून लखलखीत होता, सोबत आभाराचं सुंदर कार्ड होतं आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. वन्संनी घरी येऊन कपाळाला हात लावला. या बाईच्या हातात आपला वर्ग आहे, आणि हिला डबा परत करता येत नाही, म्हणाल्या. शरयू तेव्हा पोट धरून हसली होती.

आता हसू येत नाही. वन्सं खुर्च्यांमधून फिरतायत, एकेक डबा उचलून तळाशी बघतायत आणि खाली ठेवतायत.

“हा नाही. हा पण नाही. अगं, खिडकीत बघ, कुठवर आलंय.”

खिडकीत सूर्य समोरच्या घरांच्या धुराड्यांना टेकलाय. वन्संचा नेम शरयूला पाठ आहे. चौगुले काय, मगदूम काय, दोन्ही घरं जैनांची. पण शरयू इथं आल्यावर ढिली पडली, वन्सं पडल्या नाहीत. दिवस मावळला की अन्नाचा कण नाही. इंग्लंडातल्या हिवाळ्यात त्या चार वाजायच्या आत रात्रीचं जेवून घ्यायच्या, आणि संध्याकाळच्या वर्गात सगळ्यांना वाढून स्वतः कोरड्या तोंडानं बसायच्या. का खात नाही म्हणून हलीमानं विचारलं, तेव्हा वन्संनी खिडकीकडे बोट केलं. सन गो, आय नो ईट. हलीमा बघतच राहिली. मग रमजान आला, आणि हलीमा कोरड्या तोंडानं बसली, खिडकीकडे बघत. तिचा नेम नेमका उलटा. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. दोघी एका बाकावर, मध्ये एक डबा. एकीचं तोंड बंद व्हायचं त्या घटकेला दुसरीचं उघडायचं.

“यू आफ्टर,” वन्सं हलीमाला म्हणाल्या होत्या. “मी बिफोर.”

शरयू ते दोन शब्द कितीतरी आठवडे फळ्यावर चित्रं काढकाढून शिकवत होती, आणि दोघींच्या डोक्यात शिरत नव्हते. त्या संध्याकाळी शिरले. दोघी एवढ्या हसल्या की पलीकडच्या खोलीतून चर्चचा माणूस बघायला आला.

“वन्सं, बसा जरा,” शरयू म्हणते. “मला तुम्हाला काहीतरी विचारायचंय.”

“बसमध्ये विचार.”

आणि त्या बसमध्येच आहेत. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेला. वन्सं नेहमीसारख्या दोन्ही हातांनी दांडा धरून बसल्यात, जशी काही बस त्याच चालवतायत. दोन्ही बाजूंनी लाल विटांची घरं मागं जातायत. शरयूला एका जागी बसवत नाही. ती उठते, मागं बघते, पुन्हा बसते. कुठल्या नंबरची बस आहे, कुठं उतरायचं, वर्गाला उशीर तर होत नाही? पर्स आणलेली नाही. पायांत काय आहे ते बघायला जावं तर पाय शालीत गुंडाळलेले.

“मला आज म्हाताऱ्यांना सांगायचंय,” ती घाईघाईनं बोलते. “येऊ नका म्हणून. फुंग आजींना, सगळ्यांना. नाही सांगितलं तर वर्गच बंद होतो. पोरं नोकरीसाठी धडपडतायत वन्सं, त्यांचा काय दोष? आणि सांगितलं तर मी उद्या आरशात कुठल्या तोंडानं बघू? तुम्हीच सांगा, काय करू मी?”

“मला काय विचारतेस? मला इंग्रजी कुठं येतंय!”

“थट्टा नको ना.”

“थट्टा कुठली. पहिली पायरी सोडली नाही मी. तूच म्हणायचीस.” वन्सं काचेतून खाली बघतात. “हलीमाला पण सांगणार?”

“ती तर येतच नाही. तुम्ही गेल्यापासून आली नाही. तिचं नाव काढायला काही वाटणार नाही, तेवढं एक सोपं आहे.”

 खालच्या रस्त्यावरून खटखट ऐकू यायला लागते, एका लयीत, आधी एक माग, मग गल्लीभर माग. विटांची घरं संपलीत. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी, सूत वाहून नेणारा टेंपो, पानाची टपरी. इचलकरंजी. बस थांबते आणि दोघी भांड्यांच्या दुकानासमोर उभ्या असतात.

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसलाय. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हातातल्या यंत्राचा टर्र आवाज दाढेत घुसतो. ठिपक्या-ठिपक्यांनी तो ताटावर कुणाचं तरी नाव उठवतोय, लग्नातला आहेर असणार. वन्संचा डबाही इथलाच. त्या परदेशी जायला निघाल्या तेव्हा आईनं घेतलेला, आणि तळाशी घातलेलं, सौ. सुगंधा रा. चौगुले.

“आलात का,” तो मान वर न करता म्हणतो. “बसा. झाकणं काढून ठेवलीत तुमची.”

शरयूच्या मांडीवर झाकणांची चळत येते. गार, जड. प्रत्येकावर एकेक नाव. तिला न वाचता येणाऱ्या लिप्यांतलीसुद्धा आहेत, पण कोण कुणाचं ते तिला कळतं. सगळ्यात वर हलीमाचं.

“यातली कुठली काढायची ते तुम्ही ठरवायचं,” माणूस म्हणतो आणि यंत्र तिच्या पुढ्यात ठेवतो. “मी घालतो. काढायचं काम मी केलं नाही कधी.”

“निघतात का पण?”

“घासून बघा की. भांडं झिजतं.”

यंत्र हातात घेताच थरथरायला लागतं. शरयूचा हात थरथरतो, खांदा थरथरतो, दात वाजतात. ती टोक हलीमाच्या नावावर टेकवते आणि लगेच उचलते. पुन्हा टेकवते. मागं बाजारातून कुणीतरी घाई करतंय, बाई, आटपा, दिवस मावळला. वन्सं दिसत नाहीत. ती हाका मारते. टर्र आवाज वाढत जातो, मग बारीक होतो, मग नुसता एकसारखा टिकटिकत राहतो, आणि ती बघते तर पायरी गार फरशीची झालेली आहे आणि आवाज पलंगाशेजारच्या यंत्राचा आहे.

हॉस्पिटलचा वॉर्ड. इथं ती कधी आली नव्हती. वन्सं शेवटच्या आजारात इथं होत्या तेव्हा तिला स्वतःला ताप आणि खोकला, वॉर्डात मज्जाव. ती रोज सकाळी दहीभात कालवून वन्संच्या डब्यात भरायची, बाहुबली कामावर जाताना तो वॉर्डात देऊन जायचा, आणि संध्याकाळी काम सुटलं की बहिणीपाशी जाऊन बसायचा. दिवसभर तिथं कोण असतं, वन्संना कोण समजून घेतं, या विचारानं शरयूचा जीव टांगणीला लागलेला. संध्याकाळी नवरा येऊन सांगायचा, ताई जेवल्यात, वेळेवर जेवल्यात. एकदा म्हणाला, नर्स सांगत होती की त्यांच्या बहिणीनं सगळं नीट समजावलंय. शरयू म्हणाली, कुठली बहीण? भावाला एकच बहीण, बहिणीला एकही नाही. नर्सचा दुसऱ्या पेशंटशी घोळ झाला असणार. विषय तिथंच संपला.

आता ती पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. पलंगावर वन्सं आहेत, एवढ्याशा झालेल्या. आणि तिच्या शेजारी स्वेटर घातलेल्या वन्संही उभ्या आहेत, आणि याचं तिला काही वाटत नाही. उशाशी खुर्चीवर हलीमा बसली आहे. डोक्याला तपकिरी रुमाल, मांडीवर डबा, डोळे खिडकीकडे. ओठ सुकून पांढरे पडलेत. तिचा रोजा आहे.

नर्स ट्रॉली ढकलत येते. ती काहीतरी म्हणते, जेवण सहाला, सगळ्यांना एकदमच. हलीमा उठून उभी राहते. शरयूला ती वर्गात आठवते, उत्तर येत असलं तरी मान खाली घालणारी, नाव विचारलं तरी घाबरणारी. इथं ती ट्रॉलीला हात लावून उभी राहते.

“नो सिक्स,” हलीमा म्हणते. “फूड बिफोर. सन गो, शी नो ईट. एव्हरी डे, बिफोर. प्लीज यू टेल ऑल पीपल.”

नर्स थांबते. तू कोण यांची, विचारते.

हलीमा वन्संकडे बघते. “सिस्टर,” ती म्हणते.

मग ती खुर्ची पलंगाशी ओढते, डबा उघडते आणि चमच्यानं वन्संना दहीभात भरवायला लागते. स्वतः पाण्याचा घोट न घेतलेली बाई. घाई नाही, पण दर घासाला एकदा खिडकीकडे नजर. धुराड्यांच्या मागं सूर्य अर्धा जातो, पाऊण जातो. वन्सं मान हलवतात, बास. डब्यात थोडा भात उरलाय. उजेड जातो. पलंगावरच्या वन्सं कसाबसा हात उचलतात आणि डबा हलीमाच्या पोटाकडे ढकलतात.

“नाऊ यू,” त्या म्हणतात. “आफ्टर.”

शरयूला रडू फुटतं. रडताना आवाज निघत नाही, स्वप्नात तो निघत नाहीच. तेवढ्यात स्वेटरवाल्या वन्सं तिला कोपरानं ढोसतात.

“बघितलंस? डबा तिच्याकडं आहे. मी दिला. दुसऱ्या दिवशी मी कुठं होते परत घ्यायला?”

“मला माहीत नव्हतं वन्सं. कुणी सांगितलंच नाही मला.”

“ती काय सांगणार? रोज दारापर्यंत येते तुझ्या वर्गाच्या. भरलेला डबा घेऊन येते आणि परत जाते. मालकीण नाही, द्यायचा कुणाला? रिकामा आणता येत नाही आणि भरलेला देता येत नाही. तुम्हाला वाटलं, बाई सोडून गेली.” मग त्या एकदम शरयूच्या तोंडाकडे बघतात, डब्यात बघायच्या तशा. “मी काय शिकले इतक्या वर्षांत तुझ्या वर्गात? तू बाई ना माझी. सांग.”

“बिफोर,” शरयू म्हणते. “आणि आफ्टर.”

“बास झालं की. तेवढ्यावर मी शेवटचा घास उजेडात खाल्ला. अजून काय पाहिजे गं तुमच्या त्या पायऱ्यांना?”

 अनुदान देणाऱ्यांना हे सांगायला गेलं तर कुठल्या रकान्यात बसवतील, देव जाणे. वॉर्डाच्या टोकाला एक जिना आहे, काँक्रीटचा, सरकारी घरांच्या इमारतीत असतो तसा. भिंतीवर कुणीतरी रंगानं नावं लिहिलीत, एका पायरीवर लहान मुलाची सायकल. हलीमा इथंच कुठंतरी राहते हे शरयूला ठाऊक आहे, पण ती कधी आलेली नाही. वन्सं पहिल्या पायरीशी थांबतात.

“तुम्ही नाही येत?”

“माझं काय काम? जा तू. उजेड आहे अजून.”

“वन्सं, तुम्ही जेवल्या नाहीत.”

“माझं झालंय गं,” त्या म्हणतात, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजातली घाई गेलेली असते. “बाहूला सांग, स्वेटर उबदार आहे.”

शरयू चढते. एक मजला, मग तसाच दुसरा, तीच सायकल पुन्हा. दम लागतो. मागं वळून बघावं तर वन्सं आहेत की नाहीत कळत नाही, नुसता मोरपंखी रंग आहे. वर एक दार थोडं उघडं. आतून हात बाहेर येतो, तपकिरी, मनगटावर काचेचं कंकण, आणि तो डबा शरयूच्या उघड्या तळहातावर ठेवतो. डबा जड आहे. इतका जड की हात खाली जातो. ती दुसऱ्या हातानं झाकण उघडायला जाते.

आणि जागी होते.

उजेड टीव्हीच्या पायापासून निघून भिंतीवर चढलाय, पण मावळलेला नाही. नळ ठिबकतोय. शाल पायांत गुंडाळलेली, गाल ओले. उजवा हात सोफ्यावरून खाली लोंबतोय आणि त्याला मुंग्या आल्यात. ती तशीच पडून ते वाक्य आठवायचा प्रयत्न करते. जवळच्या आहात, पण. पुढचं येत नाही. जिभेवर आणायला गेलं की दुसरंच काहीतरी येतं, फूड बिफोर.

ती उठून बसते आणि आधी फोन घेते, कारण चहा करायला गेली तर अवसान जाईल हे तिचं तिला माहीत आहे. जॅनेट लगेच उचलते. शरयू तिला सांगते की मी आज कुणाला काही सांगणार नाही.  मग जॅनेट हळू आवाजात सगळं पुन्हा समजावते, अट, वरून आलेला दबाव, वर्गातली तरुण मंडळी.  सगळं खरंच आहे ते.

“कळतंय मला,” ती शेवटी म्हणते. “वर्ग जाईल, हेही कळतंय. पण सांगायचं असेल तर तू ये. संध्याकाळी ये, त्यांच्यात बस, आणि तुझ्या तोंडानं सांग. मी नाही सांगणार.”

येते, असं जॅनेट म्हणते. उगाच म्हणते की खरंच येईल, ते संध्याकाळी कळेल. आणि आली तर काय होईल, तेही कुणाला ठाऊक? नाताळानंतर हॉल राहील की नाही याची शाश्वती नाही.  वर्गाला अजून अवकाश आहे. त्याआधी हलीमाचं घर शोधायला हवं, चर्चच्या माणसाला तिची इमारत ठाऊक असणार. तिच्या दारात जाऊन सांगायचं की डबा माझ्याकडे दे, मी घेते, वन्संच्या जागी मी आहे. आणि वर्गाला चल.

मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून ती स्वयंपाकघरात जाते. या खेपेला तिथं स्वयंपाकघरच आहे. मांडणीवरून स्वतःचा एक डबा काढते, बेसनाचे उरलेले लाडू त्यात भरते, आणि झाकण लावताना तिची नजर उजव्या हातावर पडते.

तळहातावर ठिपके आहेत. लाल, खोल, एकाला एक लागून. आधी तिला वाटतं सोफ्याची वीण उमटली. मग ती हात खिडकीशी, उरलेल्या उजेडात धरते. अक्षरं उलटी आहेत, पण हे नाव वाचायला ती सुलटी कशाला हवीत? चौगुले. रा. सुगंधा. मार्चापासून या घरात नसलेल्या डब्याच्या तळावरची.

ती अंगठ्यानं ठसा दाबून बघते. दुखतं. घरात भांडी आयुष्यभर हाताळलेली बाई ती, तिला कुणी सांगायला नको, की रिकामा डबा हातावर ठेवला तर एवढं खोल उमटत नाही.

ती मूठ मिटते, कोट चढवते आणि उजेड आहे तोवर घराबाहेर पडते.